सोनाआत्याचा पेला

सोनाआत्या कुणाच्याही दारात गेली की आधी पाणी मागायची. तहान असो वा नसो. श्रावणातल्या झडीत नखशिखान्त भिजून आलेली असली, पदरातून पाणी ठिबकत असलं, तरी उंबऱ्याशी उभी राहून म्हणायची, "पानी द्या गं बाय, घोटभर." पाणी आलं की खरोखर घोटभरच प्यायची, पेला परत द्यायची आणि तिथंच उभी राहायची. पेला हातात घेतलेली बाई तो कुठं ठेवते, हे तिला बघायचं असे. आत मांडणीवर गेला, की ओट्याखालच्या कोनाड्यात, की तुळशीमागं उन्हात पालथा पडला. ते बघून झालं की मग कामाचं बोलणं.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले, तेव्हा त्याच आठवड्यात ती आमच्याही दारात उभी राहिली. उंच, काटकुळी, लुगडं पोटरीपर्यंत ओढून घेतलेलं, कपाळ मोकळं. बोटांची पेरं काडेपेटीच्या कारखान्यातल्या मसाल्यानं तपकिरी झालेली. "नवी का तू? पानी आन." मी आणलं. ती प्यायली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी पेला विसळून मांडणीवर पालथा घातला. "हात सरळ हाय पोरीचा," असा तिनं निकाल दिला. मला राग आला. आमची वस्ती एक, जात एक. मी पेला मांडणीवर नाही ठेवणार तर काय डोक्यावर ठेवणार? तसं मी बोललेही. नव्या नवरीनं बोलू नये, पण माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे. ती हसली. "आपल्यातबी हाय ना बाय. आपनबी कुनाला तरी वरनंच वततो. म्हनून घरापासनं सुरुवात."

आमची वस्ती गावाच्या शिवेवर, रुळांच्या पलीकडं होती. आमच्या हातचं पाणी गाव पीत नसे, आणि आम्हांला द्यायचं झालं तर वरून, हातभर उंचीवरून, आमच्या ओंजळीत ओतत असे. आत्याचं सगळं भांडण त्या हातभर अंतराशी होतं. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं, ती कुठल्या मंडळाची अध्यक्ष नव्हती, पण कल्याणपासून बदलापूरपर्यंत आमच्या लोकांत "सोनाबाई म्हनत्यात तसं करू" हे वाक्य ऐकू येई. मुंबईच्या मोठाल्या सभांना ती जायची आणि आल्यावर दोन वाक्यांत सभा सांगून मोकळी व्हायची. "मोठ्यांनी मोठं बघावं," म्हणायची, "मी पेला बघते."

ती बसत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते. मी जन्माची बैठी बाई. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाले, बेलवलीच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले, आणि आठवड्याचे सहा दिवस मुलांपुढं उभी राहून रविवारी पाय पसरून चहा प्यावा एवढीच माझी जगाकडून अपेक्षा होती. चहा उकळायला लागला की दारात आत्या. "मास्तरीण, ऊठ. बदलापूरला जायचंय." चालत. मी म्हणायची, जरा टेक ना आत्या, कप संपवू दे. "बूड टेकलं का बाई जड व्हते," हे तिचं ठरलेलं उत्तर. माझा नवरा कोपऱ्यात पेपर वाचता वाचता हसायचा. असे कितीतरी चहा मी उभ्यानं, जीभ भाजत प्यायलेय.

कारखान्यातली तिची गोष्ट मी पाहिलेली नाही, तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलेली. बायकांच्या खात्यात पाण्याचे दोन माठ असत. एक सगळ्यांचा आणि एक आमच्या बायकांचा. आत्यानं त्यावरून अर्ज केला नाही की आरडाओरडा केला नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं आमचाच माठ उचलला आणि दारात नेऊन फोडला. सगळ्यांना वाटलं, हातून निसटला. मुकादमानं नवा आणला. तिनं तोही फोडला. तिसऱ्या माठाला मुकादमानं कपाळावर हात मारला. "बाई, किती फोडशील?"

"कुंभार दमंस्तवर," आत्या म्हणाली. "तुमच्या माठाला हात लावला का मी? माजाच फोडला. आता मला तहान लागलीया, बोल."

मुकादमानं पुढचा माठ आणलाच नाही. दिवस वैशाखाचे, वर पत्र्याचं छप्पर. आमच्या बायका कोरड्या घशानं पेट्या भरत राहिल्या. त्यातल्या काहीजणी आत्याला शिव्याही घालत होत्या, कारण होता तो माठही हिनं घालवला. दोन दिवसांनी एक आगरी बाई तणतणत उठली, सगळ्यांच्या माठातून पेला भरून घेतला आणि आत्याच्या पुढ्यात धरला. "पी गो बाय. तू आडवी झालीस त तुज्या पेट्या मलाच भरायला लागतील." आत्याला हे वाक्य इतकं आवडलं होतं की वर्षानुवर्षं ती ते सांगायची. त्यात दया नव्हती, सरळ व्यवहार होता. त्या दिवसापासून खात्यात एकच माठ राहिला.

मी म्हटलं, "आत्या, जिंकलीस की."

"आज दिला. उद्या बघू."

हे तिचं दुसरं ठरलेलं वाक्य. एखाद्या घरात पेला आत गेला, तरी ती खूश होऊन थांबायची नाही. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघायची. कारखान्याच्या ऑफिसात सबनीस म्हणून एक सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या घरी पहिल्याच दिवशी पेला सरळ स्वयंपाकघरात गेला. आत्या म्हणाली, "आज ठेवला, उद्या बघू." सबनीस मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "सोनाबाई, रोज या, रोज बघा." ती खरंच जात राहिली, आणि त्यांच्या घरचा पेला कधी बाहेर आला नाही. सबनीसांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

फाळणी झाली आणि कल्याण कॅम्पातल्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन भरले. पुढं त्या वस्तीला उल्हासनगर म्हणू लागले. ती माणसं कोण, कुठली, काय खातात, यावर आमच्याकडं नुसत्या गप्पा चालल्या होत्या. आत्या मात्र पहिल्याच रविवारी मला घेऊन निघाली. "नवी मानसं आलीत. हितलं शिकायच्या आत जायला पायजे."

बराकीत गोणपाटाचे पडदे बांधून एकेका कुटुंबानं आपापली खोली केली होती. एका पडद्याशी आत्यानं पाणी मागितलं. आतून एक गोरीपान, थकलेली बाई बाहेर आली. पुढं सगळा कॅम्प तिला अम्मां म्हणायला लागला, आम्हीही. तिनं आमची जात विचारली नाही, नाव विचारलं नाही. "आओ अदी, पाणी पियो," म्हणाली आणि पाण्याबरोबर भाजलेला पापडही पुढं केला. अदी म्हणजे बहीण, हे नंतर कळलं. पाण्याबरोबर पापड द्यायची त्यांची रीतच आहे, हेही नंतर कळलं. आत्या प्यायली, मग त्याच पेल्यानं मी प्यायले, मग अम्मांनी तोच पेला भरून कडेवरच्या पोराच्या तोंडाला लावला. माझे डोळे भरून आले. आत्या मात्र परतीच्या वाटेला लागली. रूळ ओलांडल्यावर म्हणाली, "तिच्या घरात पेला एकच व्हता गं. दोन असते तर काय केलं असतं, ते बघायला पायजे."

माझं डोकं फिरलं. "तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही," म्हणाले. ती पुढं चालत राहिली.

चार-पाच वर्षांत अम्मांचे दिवस पालटले. पापड लाटून विकता विकता त्यांनी बराकीच्या तोंडाशी दुकान थाटलं. एका बाजूला भांडी, एका बाजूला सरबत. आता त्यांच्याकडं पेलेच पेले होते, काचेचे, चकचकीत, ओळीनं मांडलेले. आम्ही गेलो. आत्यानं पाणी मागितलं. अम्मां गल्ल्यापाशी होत्या, त्यांनी आमच्याकडं नीट बघितलं नाही. दुकानातल्या नोकरानं कोपऱ्यात वेगळा ठेवलेला कानतुटका कप काढला आणि त्यात पाणी भरून पुढं केला.

आत्यानं कप घेतला नाही. ती दुकानासमोरच्या धुळीत मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत मी तिला बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गिऱ्हाइकं वळसा घालून जाऊ लागली. अम्मां धावत बाहेर आल्या. "क्या करूं अदी, गिराक बोलते हैं. इधर का यही दस्तूर है."

आत्या आपल्या हिंदीत म्हणाली, "अम्मां, तुम घर छोडके आया. खेत छोडके आया, दुकान छोडके आया. सब छोडा, और इधर आके ये उठाया?"

अम्मांनी नोकराच्या हातातला कप घेतला आणि समोरच्या गटारात भिरकावला. तो फुटला. आत्या पदर झटकत उठली आणि लागली रागवायला, "फोडा कायकू? बाकी के साथ रखने का था. कपानं काय केलं?" माठामागून माठ फोडणारी बाई हे बोलत होती! अम्मां हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि मग काचेच्या पेल्यातून आम्हांला सरबत मिळालं. मी ते बसून प्यायले. आत्या उभीच.

पण तिचं खरं दुखणं चिखलोलीला होतं.

अंबरनाथहून बदलापूरला पायी जाताना चिखलोलीच्या वाटेवर एक चिंच लागायची आणि चिंचेपलीकडं भोईरांचं घर. शेताभाताचं बऱ्यापैकी घर, रुंद ओटा, शेणानं सारवलेलं अंगण. जाता-येता आत्या तिथं थांबून पाणी मागायचीच. भोईरकाकू बाहेर येत, वर न बघता, तोंडातून अक्षर न काढता तांब्यातून वरून पाणी ओतत. आणि ही आत्या, जी दुसऱ्या कुठल्याही दारात वरून ओतलेलं पाणी घेत नसे, ती तिथं मुकाट ओंजळ धरायची. मला ते सहन होत नसे. मी चिंचेखाली थांबायची. "तिथं कशाला नाक घासतेस?" मी विचारायची. "माज्या पायांना सवय झालीया," म्हणायची.

मग भोईरकाकूंची सासू वारली. काही महिन्यांनी तांब्याच्या जागी करवंटी आली. घरातल्या कुणाचा हात लागू नये म्हणून ती ओट्याखाली वेगळी ठेवलेली. आणखी काही काळानं करवंटीच्या जागी ॲल्युमिनियमचा पेला आला, तोही खास आत्याचा, ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात पालथा. देशात तोवर कायदा झाला होता, शिवताशिवत गुन्हा म्हणून पेपरात छापून आलं होतं. मी तो पेपर आत्याला वाचून दाखवला होता. "बरं झालं," ती म्हणाली होती, "आता कायद्याला पेला कुठं ठेवायचा ते शिकवू." पण चिखलोलीच्या कोनाड्यापर्यंत कायदा काही पोहोचला नव्हता. मी चिडून तसं बोलले, तर म्हणाली, "हात खाली येतोय ना तिचा? आदी हितं व्हता," तिनं डोक्याच्या वर हात नेला, "आता हितं आलाय."

त्या दिवशी चिंचेखाली ती थांबली, आणि त्या दारात ती का जाते, ते मला सांगितलं.

तिला एक मुलगी होती. ठकी. तेव्हा आत्या गवताचे भारे बदलापूरला नेऊन विकत असे. नवरा आधीच गेलेला. पोरीला ताप होता, पण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. डोक्यावर भारा, कडेवर पोर, अशी ती निघाली. चिखलोलीपर्यंत येता येता पोर पाणी पाणी करायला लागली. आत्यानं भोईरांच्या दारात भारा टाकला आणि हाक मारली. आतून नवी सून बाहेर आली, ह्याच भोईरकाकू. मागं दारात सासू उभी.

"तिनं तांब्या वाकडा केला," आत्या म्हणाली. "पोरीला वंजळ कुठली धरता येतीया? हात लुळं पडलेलं. माजा एक हात पोरीखाली. एका हाताची कुठं वंजळ व्हती? ती वतत व्हती आन सगळं मातीत जात व्हतं. पोरीचं तोंड भिजलं, छाती भिजली, घशात थेंब गेला न्हाई. ती बाई वाईट न्हवती गं. रडत व्हती. रडत व्हती आन वतत व्हती. तांब्या सपला, आत जाऊन दुसरा आनला, त्योबी वतला."

ठकी त्याच दिवशी, वस्तीत पोहोचण्याआधी गेली.

"तापानं गेलीच असती म्हनत्यात," आत्या म्हणाली. "आसंल. पन तहानेली गेली. पानी व्हतं, द्यायचं मन व्हतं. भांडं न्हवतं."

मी एवढंच विचारलं, भोईरकाकूंना हे माहीत आहे का? तू कोण, ते त्यांनी ओळखलंय का? "काय म्हाईत. मी सांगितलं न्हाई. तूबी कुठं सांगत फिरू नको. लोकांना दया येती. आन दया आली का मानूस वरनंच वततो." असं म्हणून ती चालायला लागली. पुढच्या रविवारी मीही चिंचेखालून उठून त्या ओट्याशी गेले आणि त्या पेल्यानं पाणी प्यायले. भोईरकाकूंनी पेला परत कोनाड्यात ठेवला. आम्ही दोघी ते बघत राहिलो.

ज्या वर्षी आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि घराघरांतले देव्हारे उतरले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली. छातीत कफ झाला. जिचं पाऊल घरात ठरत नसे ती बाई अंथरुणाला खिळली, आणि खाटेवरसुद्धा तिचे पाय चालत असायचे. टाचा गोधडीवर घासून घासून तिथलं कापड विरलं होतं. मी तिला चमच्यानं पाणी पाजायची. पाजून झालं की तिची नजर माझ्या हातातल्या पेल्याबरोबर मांडणीपर्यंत जायची. एकदा मी म्हटलं, "आता तरी सोड की गं." तर हसली. शेवटच्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चिखलोलीचं राह्यलं." मी म्हटलं, मी बघते. हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. पण नेमकं काय करायचं, हेही मला ठाऊक नव्हतं.

ती गेली तेव्हा कारखान्याच्या बायका आल्या, कॅम्पातून अम्मां आल्या, वस्तीत माणूस मावेना. महिन्याभरात स्मारक समितीही झाली. सबनीस तिचे अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "सोनाबाईंनी आयुष्यभर दारोदार पाणी मागितलं. त्यांच्या नावानं येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यावं, याहून दुसरं स्मारक कोणतं?" शिवमंदिराच्या रस्त्यावर पाणपोई घालायची आणि पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू करायची असं ठरलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला ते मनापासून पटलं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बघायला गेले. झावळ्यांचा मांडव, ओल्या फडक्यांत गुंडाळलेले मोठे रांजण, वर पाटी: "सोनाबाई पाणपोई". अक्षरं सुबक होती. आणि पाटीखाली फळीला बसवलेली, चकचकीत, नवी कोरी पत्र्याची पन्हळ. आतल्या माणसानं तिच्यात पाणी ओतायचं, बाहेरच्यानं खाली वाकून ओंजळ धरायची. सगळ्या पाणपोयांवर असते तशीच. 

सबनीस तिथंच होते. मी म्हटलं, "ही काढा." त्यांना कळेना. "बाई, पाणपोईला पन्हळ असतेच. शंभर माणसं येणार, उष्ट्याचा प्रश्न, रोगराईचा प्रश्न."

"आत्याच्या नावाखाली वरून पाणी ओतणार तुम्ही?"

"अहो, पण सगळ्यांनाच ओतणार! ब्राह्मण असो, कुणी असो, सगळ्यांना सारखंच."

या माणसाच्या घरचा पेला कधी बाहेर आला नव्हता, हे मी विसरले नव्हते, म्हणून माझं तोंड जरा आवरलं गेलं. मी म्हटलं, "ओंजळ धरता न येणारं लेकरू आलं तर?" ते म्हणाले, "त्याची आई पाजेल की." माझ्या ओठांवर ठकीचं नाव आलं होतं. ते सांगितलं असतं तर सबनीसांनी त्याच क्षणी पन्हळ उपटून फेकली असती, आणि दुसऱ्या दिवशी भाषणात डोळे पुसत ती गोष्ट सगळ्या गावाला सांगितली असती. आत्यानं मला त्यासाठीच बजावलं होतं. वस्तीतली समितीवरची माणसंही म्हणाली, "जाऊ द्या हो वहिनी, नाव तर लागलंय ना?" मी तिथून निघाले आणि तडक उल्हासनगरचा रस्ता धरला. अम्मांच्या दुकानात जाऊन म्हटलं, पेले द्या, धातूचे, पडले तरी न फुटणारे. कशाला, ते सांगितलं. अम्मांनी फळीवरचे होते तेवढे पेले काढून टोपलीत भरले आणि त्यांवर पापडाची एक चळत ठेवली. "अदी के नाम का पाणी सूखा नहीं देते," म्हणाल्या.

पाडव्याला सकाळी गर्दी बरीच होती. देवदर्शनाला निघालेली माणसं, कारखान्याच्या बायका, आमची वस्ती. सबनीसांचं भाषण चालू असतानाच मी पेले रांजणाशेजारच्या फळीवर ओळीनं मांडले. त्यांनी ते बघितलं, अडखळले, पण थांबवलं नाही. भाषण संपलं आणि रांग लागली. मला वाटलं होतं, पेले दिसले की माणसं पेले उचलतील. कसली उचलतात! पहिला माणूस आला तो सवयीनं वाकला आणि ओंजळ धरली. दुसरा तसाच. आमच्या वस्तीतले तर सगळ्यांत आधी वाकले. फळीवरच्या पेल्यांना कुणी हातही लावीना. त्या वाकलेल्या पाठी बघत मी उभी होते आणि माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी पुढं आली. भोईरकाकू. चिखलोलीहून त्या चालत आल्या होत्या. पन्हळीसमोर त्या वाकल्या नाहीत. मला बाजूला ओढलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"तिच्याबरबर एक पोर व्हती," त्या म्हणाल्या. "कडेवर. तापलेली. मी तिला वळखली व्हती गो, पयल्या खेपेलाच. ती येत व्हती, पानी मागत व्हती, पन पोर कदी दिसली नाय. मना इचारायचा धीर नाय झाला. जगली काय गो ती?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. पदराची गाठ सोडली आणि आतून कोनाड्यातला तो ॲल्युमिनियमचा पेला काढला, पोचे आलेला, आत्याचा. सगळ्यांच्या देखत त्या रांजणाशी गेल्या, तो बुडवून भरला, तोंडाला लावला आणि थांबत थांबत सगळं पाणी प्यायल्या. रांग थबकली. आत पाणी ओतणाऱ्या माणसाचा हात तसाच राहिला. मग रिकामा पेला हातात धरून भोईरकाकू उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. तो कुठं ठेवायचा, ते त्यांना कळत नव्हतं.

मी फळीकडं बोट दाखवलं.

त्यांनी तो अम्मांच्या नव्या पेल्यांच्या ओळीत ठेवला. मागं कुणी एक यात्रेकरू होता, लांबचा, घाईत, ह्या सगळ्याशी काही संबंध नसलेला. त्यानं हाताला आला तो पेला उचलला, तोच पोचे आलेला, पाणी घेतलं, गटागटा प्यायला, फळीवर परत ठेवला आणि देवळाकडं चालू लागला. त्याच्यामागच्या बाईनं दुसरा पेला घेतला. सबनीस पुढं झाले आणि पन्हळीचे खिळे काढायला लागले.

लोक माझं अभिनंदन करत होते. अम्मां पापड वाटत होत्या. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, पण तो अंगात टिकेना. कानांत सारखं आत्याचं 'उद्या बघू' वाजत होतं. दुसऱ्या दिवशी चहा तसाच टाकून मी शाळेच्या आधी शिवमंदिराच्या रस्त्यावर गेले आणि पाणपोईशी उभी राहून पाणी मागितलं.